पाच जिनसा आणि एक शिक्का

१.
पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील वाघोलीत गेल्या काही वर्षांत उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गॅलऱ्यांत कुंड्या आल्या. तुळस, पुदिना, गवती चहा, ओवा, कढीपत्ता, एखादे कागदी लिंबू. शनिवारच्या संध्याकाळी यांतलीच चार पाने खुडून, एखादे फळ ठेचून, घरच्या घरी कॉकटेल बनवण्याची हौस तरुणांत वाढते आहे. त्यावर दोन मते हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, हे पाश्चात्त्यांचे अंधानुकरण आहे. दुसरे म्हणजे, हे सारे आपल्या पूर्वजांनी कधीच करून ठेवले आहे. दोन्ही मते अर्धीमुर्धी खरी आहेत, आणि दोन्हींतून एक महत्त्वाचा प्रश्न निसटतो. तो प्रश्न म्हणजे, घरी पेय करण्याची मुभा कोणाला होती आणि ती कोणी काढून घेतली?

२.
वाघोली हे इतिहासाला अपरिचित गाव नाही. पहिल्या बाजीरावाच्या काळातील मातब्बर सेनानी पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याचे हे गाव. वाघेश्वराच्या मंदिराजवळ त्यांची समाधी आहे. २०२१ साली हे गाव पुणे महानगरपालिकेत आले. मात्र या धाग्याचा विषय घोडदळ वा लढाया नसून पेला आहे. पेल्याचा इतिहास दरबारी कागदांत क्वचित येतो. तो येतो करवसुलीच्या नोंदींत, कायद्याच्या कलमांत आणि प्रवाशांच्या वर्णनांत.

३.
आरंभ एका शब्दापासून करावा लागेल. ‘पंच’ हे मिश्रपेय आज जगभर पाश्चात्त्य मेजवान्यांचा भाग मानले जाते. इंग्रजी लिखाणात हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराच्या १६३२ सालच्या पत्रात दिसतो, आणि ते पत्र हिंदुस्थानातले आहे. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्सलो या जर्मन प्रवाशानेही तेथील इंग्रजांच्या अशाच पेयाची नोंद केली. म्हणजे लंडनच्या उमरावांनी चांदीच्या भांड्यांतून पंच पिण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ढवळला जात होता.

४.
या शब्दाची उकल करणारा माणूस म्हणजे जॉन फ्रायर. कंपनीचा हा डॉक्टर शिवकाळात कोकणात आणि मुंबईत वावरला, १६७५ साली जुन्नरलाही जाऊन आला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात गोव्यातील नेरूळच्या अरकाची वाखाणणी आहे. या किनाऱ्यावरचे इंग्रज त्याच अरकापासून ‘पंच’ करतात, त्यात पाच जिनसा पडतात आणि हिंदुस्थानी भाषेतील पाच या अंकावरूनच त्याला हे नाव पडले, असे तो सांगतो. वैद्यांच्या पाच औषधींच्या योगाशी त्याने या पेयाची तुलना केली आहे. पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असावे असा पर्यायी तर्कही अभ्यासकांनी मांडला आहे. तथापि समकालीन साक्ष फ्रायरच्या बाजूने आहे.

५.
त्या पाच जिनसा साधारणपणे अशा होत्या: अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, बहुधा जायफळ. म्हणजे तीव्र, गोड, आंबट, सौम्य आणि सुगंधी. आजचा कोणताही बारटेंडर कॉकटेलचा तोल याच पाच अंगांनी सांभाळतो. ‘कॉकटेल’ या शब्दाची पहिली स्पष्ट छापील व्याख्या अमेरिकेतील एका वृत्तपत्रात १८०६ साली आली. कोकणपट्टीत पंचाचा मेळ त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी बसलेला होता. तेव्हा गॅलरीतला पुदिना पेल्यात टाकणाऱ्या तरुणावर अनुकरणाचा आरोप करण्यापूर्वी कोणी कोणाचे अनुकरण केले, हे तपासलेले बरे.

६.
पण याच काळातील दुसरी नोंद अधिक बोलकी आहे. मुंबई कंपनीच्या ताब्यात येऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती. १६९४ साली तेथील सरकारने खाणावळींसाठी एक हुकूम काढला. गिऱ्हाइकाला उत्तम गोवेकरी अरक एक क्वार्ट, म्हणजे सुमारे एक लिटर, अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम साखर आणि सुमारे पाव लिटर लिंबाचे पाणी मागण्याचा हक्क आहे. त्यातून त्याने आपला पंच आपणच करून घ्यावा. आणि ज्या वाडग्यावर बाजार-अधिकाऱ्याचा शिक्का नसेल तो वाडगा गिऱ्हाइकाने खुशाल फोडावा. वाडग्याचेही पैसे नाहीत, पंचाचेही नाहीत.

७.
हुकमाचा उद्देश वाजवी मापाचा होता, हे मान्य. तरीही त्यातली रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिसळणारा हात पिणाऱ्याचा, पण वाडग्यावरचा शिक्का सरकारचा. पुढच्या सव्वातीनशे वर्षांत महाराष्ट्रातील पेयाचा इतिहास याच दोन गोष्टींच्या ओढाताणीतून घडला. पाच जिनसांपैकी चार घरच्याच राहिल्या. पाचवीवर मात्र शिक्का बसला.

८.
आता ‘पूर्वजांनी करून ठेवले आहे’ या दुसऱ्या मताकडे वळू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील पाककृती वाचताना एखाद्या बागेतून फिरल्यासारखे वाटते. कवठाचा गर, काकवी आणि मध यांचा आसव. मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात गूळ घालून पिंपळी-मिऱ्याने चढवलेला मैरेय. आंब्याचा रस घातलेली सहकारसुरा. द्राक्षरसापासूनचे मधु. चरकसंहितेत तर चौऱ्याऐंशी आसवांची मोजदाद आहे. धान्य, फळ, मूळ, फूल, पान, साल असे त्यांचे वर्ग पाडलेले आहेत. ही पेये आंबवलेली होती. आजच्या अर्थाने ती कॉकटेल नव्हेत. पण फळ आणि वनस्पती यांची मद्याशी सांगड घालण्याचे शास्त्र येथे जुने आहे, यात शंका नाही.

९.
त्याच प्रकरणात एक बारीक तरतूद आहे आणि इतिहासप्रेमींनी खरे तर तीच अधोरेखित करायला हवी. मद्याचा व्यापार राजाच्या ताब्यात होता, विनापरवाना विक्रीस दंड होता. असे असूनही कुटुंबवत्सल गृहस्थांना सणसमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा कौटिल्य देतो. उत्सव आणि यात्रांच्या वेळी चार दिवसांची सवलतही आहे. इतक्या करकरीत हिशेबी ग्रंथकारालाही घराचा उंबरठा आणि राजाचा गल्ला यांत अंतर ठेवावेसे वाटले, हे विसरून चालणार नाही.

१०.
मद्याविना मिश्रपेयाची परंपराही तितकीच मोठी आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ रचला. त्यात आंबट फळांचे रस आणि साखर यांच्या ‘पानकां’चे वर्णन आहे. त्या पानकाचेच आपले पन्हे झाले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरी उकडून, गूळ विरघळवून, वेलची-केशर घालून पन्हे करणारी गृहिणी आंबट-गोड-सुगंधाचा तोच तोल साधते. कोकमाचे सरबत, सोलकढी, आवळ्याचे सरबत ही सारी त्याच कुळातली. मराठी घराने मिसळण्याची कला कधीच सोडली नाही. ती फक्त मद्याच्या बाजूने आटली आणि सरबताच्या बाजूने वाहत राहिली.

११.
येथे गौरवाच्या भरात थांबणे योग्य नाही. जुन्या समाजात ही मुभा सर्वांना सारखी कधीच नव्हती. पेशवाईत पुण्यात मद्यावर कडक निर्बंध होते, पण पदरी असलेल्या ख्रिस्ती सैनिकांना सवलत मिळे. कोण पिऊ शकतो, कोण गाळू शकतो आणि कोणाला त्यासाठी शासन होते, हे जात, धर्म आणि पेशा पाहून ठरे. ‘आपले पूर्वज’ म्हणताना कोणाचे पूर्वज, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागतो.

१२.
खरा घाव बसला तो १८७८ साली. मुंबई अबकारी कायदा आला. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून मद्य मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांत गाळायचे आणि मक्तेदारांमार्फत विकायचे, अशी व्यवस्था रुजली. कोकणातील भंडाऱ्यांच्या ताडी-माडीवर झाडामागे कर चढला. स्वतःपुरते गाळणाऱ्या माणसाला कायद्याने गुन्हेगार ठरवले. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने दक्षिण गुजरातेतील याच कहाणीला दिलेले शीर्षक मार्मिक आहे. प्रथेपासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास, असा त्याचा आशय.

१३.
तरीही डोंगरातली माणसे मोहाची फुले वेचून गाळतच राहिली. तेव्हा सरकारने बाटली सोडून थेट फुलाला हात घातला. १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत मोहफुले गोळा करणे व बाळगणे यांवर निर्बंध आले. वारली, कातकरी, ठाकूर यांच्यासाठी मोह हे निव्वळ मद्याचे झाड नव्हते. फाल्गुन-चैत्रात पहाटे गळणारी ती मांसल, गोड फुले सुकवून टंचाईच्या दिवसांत खाल्ली जात. लग्नात, देवाच्या नैवेद्यात, मरणानंतरच्या विधीत मोहाची धार लागे. एका कलमाने अन्न, विधी आणि करमणूक ही तिन्ही संशयाच्या कक्षेत आली.

१४.
एवढे सारे लोकांना व्यसनापासून वाचवण्यासाठी झाले असते तर गोष्ट वेगळी होती. पण दुकाने वाढतच होती, कारण दुकानांतून महसूल येत होता. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० साली शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध पालिकेकडे लेखी तक्रार केली. गरीब कुटुंबांची धूळधाण त्यांना समोर दिसत होती. १९०८ साली लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारूच्या दुकानांसमोर निरोधने झाली. घरची भट्टी बंद आणि सरकारमान्य गुत्ता उघडा, हा विरोधाभास त्या पिढीने नेमका ओळखला होता.

१५.
स्वराज्याच्या वाटेवर दारूबंदी हे राष्ट्रीय व्रत झाले. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मोठा भाग वैध ठरवला, पण मद्यांश असलेल्या औषधी व प्रसाधनांवरील बंदी रद्द केली. आजीच्या कपाटातील द्राक्षारिष्ट आणि दशमूलारिष्ट यांत आंबण्यातून निर्माण झालेला मद्यांश असतो, हे येथे आठवावे. कौटिल्याने औषधी अरिष्टासाठी ठेवलेली फट भारतीय न्यायालयाने नकळत पुन्हा उघडली.

१६.
साठच्या दशकात बंदी सैल झाली, पण कायदा टिकला. आज तो महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने लागू आहे. नगर रस्त्यावरून जाताना दिसणारी ‘परमिट रूम’ ही पाटी त्याच कायद्याचे स्मारक होय. या राज्यात तत्त्वतः बंदी हाच नियम आहे आणि पिणे हा परवान्याने मिळणारा अपवाद. कडक मद्यासाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे. वाघोलीच्या गॅलरीत लिंबू पिळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की, पेल्यावर १६९४ चा तो शिक्का अजूनही, अदृश्य रूपात, उमटलेला आहे?

१७.
मग घरची भट्टी पुन्हा पेटवावी काय? मुळीच नाही. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनांत मारक ठरते ते मिथेनॉल. ते डोळे आणि प्राण दोन्ही घेते, आणि चवीवरून ओळखू येत नाही. मरणारे बहुतेक मजूर असतात. मात्र या मृत्यूंचा अर्थ ‘गावठी ते विषारी’ असा लावणे इतिहासाला धरून नाही. मोहाची फुले पिढ्यान्‌पिढ्या गाळली गेली. विष शिरले ते चोरट्या धंद्यात, जेथे फुलाची जागा कारखान्यातल्या रसायनाने घेतली. गुन्हा ठरलेली कला लपली, आणि लपलेल्या धंद्यावर नजर ठेवायला कोणी उरले नाही.

१८.
अलीकडच्या घडामोडींतही हाच भेद दिसतो. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. बागायतदारांच्या वाइनला सवलती मिळाल्या, प्रतिष्ठाही मिळाली. मोहफुलांवरील निर्बंध शिथिल व्हायला मात्र २०२१ उजाडले. २०२२ साली मंत्रिमंडळाने मोहफुले आणि काजूबोंडे यांच्या स्थानिक मद्याला ‘विदेशी मद्य’ असा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सह्याद्रीच्या फुलाला प्रतिष्ठा हवी तर त्याने कागदोपत्री परदेशी व्हावे, याहून बोचरा विनोद वसाहतवादाच्या वारशावर कोणी रचला नसता. शेजारच्या गोव्याने वेगळी वाट धरली. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली राज्याने तिला वारसा-पेय म्हणून मान दिला. उन्हाळ्यात तेथे सौम्य उर्राक लिंबू पिळून, मीठ आणि मिरची घालून प्यायली जाते. तीच पाच जिनसांची रीत तिथे आजही लोकांच्या हातात आहे.

१९.
वाघोलीच्या गॅलरीकडे आता या साऱ्यासह पाहावे. तिथला पुदिना, गवती चहा, लिंबू, आले, जवळच्या पुरंदरचे अंजीर, जुन्नरकडची द्राक्षे, उन्हाळ्यातले जांभूळ ही सर्व देणगी मातीची आहे. गवती चहाचा लिंबासारखा वास किंवा पुदिन्याचा गारवा ज्या तेलांतून येतो ती पाण्यात फारशी विरघळत नाहीत, मद्यांशात मात्र सहज उतरतात. म्हणून पान हलके चुरगळले तरी पुरते. जोराने कुटले की कडवटपणा येतो. आणि ज्याला मद्य नको त्याने पाकात पाने मुरवावीत, जुने पानकच ते. या कलेत उसने असे काही नाही. उसनी, किंबहुना हिरावलेली, आहे ती फक्त पाचवी जिन्नस.

२०.
म्हणून इतिहासप्रेमी तरुणांपुढे दोन अपेक्षा ठेवणे गैर ठरू नये. पहिली, आपल्या पेल्यातील ‘स्थानिक’ या शब्दाचा हिशेब मागावा. मोहाचे मद्य उद्या शहरातल्या महागड्या दुकानांत सुबक बाटलीतून मिळेल. फुले पहाटे वेचणाऱ्या बाईच्या पदरात त्यातले किती पडेल, हा प्रश्न बाटलीवरील नक्षीहून मोठा आहे. जंगलातील वेचणाऱ्यांच्या बचतगटांना आणि सहकारी संस्थांना गाळण्याचे परवाने व तपासणीची सोय मिळाल्याखेरीज १८७८ आणि १८९२ चा अन्याय पुसला गेला असे म्हणता येणार नाही. कारखानदाराला परवाना आणि वेचणारीला मजुरी, एवढ्यावर गोष्ट थांबली तर मक्तेदार बदलला, मक्ता तोच राहिला.

२१.
दुसरी अपेक्षा, फुल्यांचा इशारा विसरू नये. मद्याला वारसा म्हटल्याने त्याने उद्ध्वस्त केलेली घरे भरून येत नाहीत. वारसा म्हणून जपण्याजोगे जे आहे ते मिसळण्याचे तारतम्य, ऋतूचे भान आणि परिसरातील वनस्पतींची ओळख. पंचात मद्य हा पाचांतला एक भाग होता. उरलेले चार भाग त्याला आवरत होते. ज्या संस्कृतीत एकाच वाडग्यात तीव्राला सौम्याची जोड देण्याची रीत होती, तिला अतिरेकाचे समर्थन करण्यासाठी साक्षीला बोलावणे हा इतिहासाचा दुरुपयोग होईल.

२२.
नेरूळचा अरक, मुंबईचा शिक्क्याचा वाडगा, ठाण्याचे मोहफूल, पुण्यातील निरोधने आणि वाघोलीतील कुंडी यांना जोडणारा धागा एकच आहे. घरी पेय करणे हा चवीचा विषय आहेच, पण त्याआधी तो अधिकाराचा विषय आहे. हा अधिकार शहरातील गॅलरीला सहज मिळाला आणि डोंगरातील झोपडीला सव्वाशेहून अधिक वर्षे नाकारला गेला, एवढे तरी पुदिना खुडताना ध्यानी असावे.

#इतिहास #मराठी #महाराष्ट्र